पहिल्या श्वासाचे दप्तर

जुन्या महसुली दप्तरात ‘गाव नमुना चौदा’ या रुक्ष नावाने ओळखले जाणारे आणि लोकांच्या तोंडी ‘कोतवाल बुक’ म्हणून रुळलेले एक पुस्तक असे; आणि सह्याद्रीच्या कुशीतील कित्येक पाड्यांच्या इतिहासाचे ते एकमेव लिखित साधन होय, असे म्हटले तर त्यात फारशी अतिशयोक्ती होणार नाही. कोणाच्या घरी मूल झाले, तो मुलगा की मुलगी, बापाचे नाव काय, जात कोणती, आणि कोण कोणत्या तारखेस कशाने दगावले, एवढ्या गोष्टी त्यात उतरविलेल्या असत. मृत्यूच्या कारणाला ताप, पटकी, देवी, हगवण असे चार-दोन शब्द पुरत. जन्माला कारण लागत नसल्यामुळे त्याचा रकानाच नसे. आज या पुस्तकाची आठवण होते ती जातीचा दाखला काढताना: पणजोबाच्या नावापुढे ‘ठाकूर’, ‘वारली’ किंवा ‘महादेव कोळी’ असे लिहिलेले सापडावे म्हणून पणतू तहसील कचेरीत त्या पिवळ्या, कडा झिजलेल्या पानांवरून बोट फिरवीत बसतो. जन्माच्या यादीत भेटलेले एखादे मूल दोन-तीन दिवसांच्या अंतराने मृत्यूच्या यादीत पुन्हा भेटते, तेथे हे बोट क्षणभर थांबत असेल की नाही, कोण जाणे. ते मूल जन्मताच रडले होते काय, त्याचा रंग गुलाबी होता की निळा, सुइणीने त्याला किती वेळ चोळले, याविषयी ते पान मूक आहे. त्याहून अधिक मूक ते त्या मुलाविषयी आहे, जे उशिरा का होईना रडले, जगले, नागलीची भाकर खाऊन मोठे झाले आणि पन्नाशीत कधीतरी बांधावर छाती धरून खाली बसले.

अशाच पाड्यांचे पोशेरा हे मोखाडे तालुक्यातील गाव. जव्हार आणि मोखाडे ही दोन नावे आज आपण एका दमात घेतो, पण इंग्रजी अमदानीत त्यांच्यात सरहद्द होती. जव्हार हे मुकण्यांचे संस्थान. मोखाडे हा खालसा मुलखातील पेटा, शहापूर तालुक्यास जोडलेला. मुकणे घराण्याची परंपरा १३४३ सालापर्यंत मागे नेली जाते, आणि मूळ पुरुष जयबा याने बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन मागून, कातड्याच्या बारीक वाद्या कापून त्या वाद्यांनी डोंगरच्या डोंगर वेढून घेतले, अशी आख्यायिका सांगतात. आख्यायिकेचे खरेखोटे बाजूस ठेवू. पण राज्याची पहिली कृती मोजणीची होती हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. पुढेही मोजणी चालूच राहिली. १९०१ च्या शिरगणतीत संस्थानची प्रजा ४७,५३८ भरली. जंगल हे संस्थानच्या उत्पन्नाचे मोठे साधन, तेव्हा सागाचे ओंडके मोजले गेले. सारा मोजला गेला, मोहाच्या दारूवरील अबकारी मोजली गेली. १९४८ साली संस्थान मुंबई राज्यात विलीन होऊन सरहद्द पुसली गेली, दोन्ही मुलूख ठाणे जिल्ह्यात एकत्र नांदू लागले, आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा नवा जिल्हा झाल्यावर त्यात गेले. कचेऱ्या बदलल्या, शिक्के बदलले. जन्मणाऱ्या मुलाचे वजन मात्र या सगळ्या काळातील बहुतेक वर्षे कोणी केले नाही.

मूल कोठे जन्मत असे? कारवीच्या कुडाला शेणमाती लिंपलेल्या खोपटात, चुलीच्या धगीजवळ, सुइणीच्या हातात. ग्रामीण महाराष्ट्रात ठिकठिकाणी आढळणारा एक उपचार येथे थोडा तपशिलाने सांगितला पाहिजे, कारण सुशिक्षित माणूस तो ऐकून हसतो आणि त्याने हसू नये असे मला वाटते. मूल बाहेर आले आणि रडले नाही, तर सुईण नाळ कापीत नसे. ती वार पडण्याची वाट पाही, आणि वार पडली की ती निखाऱ्यांवर किंवा कढत पाण्यात धरून शेकी. नाळेच्या एका टोकाला वार, दुसऱ्या टोकाला मूल; वारेतला जीव ऊब लागून नाळेवाटे मुलात उतरतो, ही तिची श्रद्धा. कोणी कानाशी थाळी वाजवी, कोणी कांदा फोडून नाकाशी धरी. आता यात शहाणपण किती आणि घात किती हे वेगळे करणे सोपे नाही. नाळ कापण्याची घाई करू नये, निदान एक मिनिट थांबावे, म्हणजे वारेत राहिलेले रक्त मुलाला मिळते, हे आजचे वैद्यकशास्त्रही सांगते. ज्या सुइणींना आपण अडाणी म्हटले त्या हे पिढ्यान्‌पिढ्या करीत आल्या होत्या. पण ज्या मुलाचा श्वासच सुरू झाला नाही, त्याला वारेची ऊब पुरत नाही. त्याच्या फुप्फुसांत हवा गेली पाहिजे, आणि तीही पहिल्या मिनिटाच्या आत. निखाऱ्याकडे पाहण्यात गेलेली ती दोन-चार मिनिटे हाच या कथेचा गाभा आहे.

प्राणवायू हा शब्द ज्याने कोणी मराठीत घडविला, त्याला या मिनिटांची जाणीव असावी असे वाटण्याइतका तो नेमका आहे. गर्भाचे आयुष्य तसे कायमच टंचाईतले. केंब्रिजचे शरीरशास्त्रज्ञ जोसेफ बारक्रॉफ्ट यांनी गर्भाच्या रक्ताचा अभ्यास करून त्याच्या स्थितीची तुलना एव्हरेस्टवरील माणसाशी केली होती, कारण वारेकडून येणाऱ्या रक्तात प्राणवायूचा दाब मोठ्या माणसाच्या धमनीतील दाबाच्या सुमारे एक-तृतीयांश एवढाच असतो. एवढ्या तुटपुंज्या शिध्यावर तो वाढतो, कारण त्याचे हिमोग्लोबिन निराळ्या जातीचे, प्राणवायू हावरेपणाने धरून ठेवणारे असते. परंतु आईचे स्वतःचे रक्त पातळ असले, वार लहान राहिली, किंवा कळा अडून प्रसूती लांबली, म्हणजे शिधा आणखी घटतो, आणि मग शरीर दुष्काळातील कारभाऱ्याप्रमाणे वाटप करू लागते: हातापायांचे, आतड्यांचे, मूत्रपिंडांचे रक्त तोडावयाचे आणि मेंदू, हृदय व अधिवृक्क ग्रंथी यांच्याकडे वळवावयाचे. टंचाई आणखी लांबली की ज्याच्यासाठी इतरांचे तोडले त्या हृदयाचाही स्नायू घायाळ होतो. त्याच्या झडपांना ताणून धरणारे लहानसे स्नायुस्तंभ प्रथम दुखावतात आणि झडप गळू लागते.

येथपर्यंतची हकिगत बालरोगतज्ज्ञांना जुनी आहे. मूल वाचले, झडप सुधारली, की ती संपली असे मानले जाई. ती संपत नाही, असा संशय येण्याचे एक कारण हृदयाच्या घडणीतच आहे. हृदयाच्या पेशी वाढतात त्या मुख्यतः गर्भात; जन्माच्या सुमारास त्यांचे विभाजन मंदावते आणि पुढे हृदय मोठे होते ते पेशींची संख्या वाढून नव्हे, तर आहे तीच पेशी फुगून. स्टॉकहोमच्या शास्त्रज्ञांनी २००९ साली हे एका विलक्षण दाखल्यावरून मोजले. शीतयुद्धाच्या काळातील अणुस्फोटांनी वातावरणात जो किरणोत्सारी कार्बन सोडला, तो त्या त्या वर्षी तयार झालेल्या पेशींच्या गुणसूत्रांत कायमचा नोंदला गेला आहे. तो वाचून त्यांनी दाखविले की पंचविशीतील माणसाच्या हृदयात वर्षाला शेकडा सुमारे एकच पेशी नवी येते, आणि म्हातारपणी तेही प्रमाण निम्म्यावर येते. म्हणजे जन्मताना जे भांडवल हाती पडले, त्यावरच सत्तर वर्षे गुजराण. प्राणवायूच्या टंचाईत काही पेशी मरतात, काही वेळेआधीच वाढ थांबवितात. उरलेल्यांना जादा ओझे वाहण्यासाठी फुगावे लागते. आमच्याकडे बाळंतिणीच्या घरी सटवाई येऊन कपाळावर लेख लिहून जाते अशी समजूत आहे. हा लेख कपाळाऐवजी छातीत, आणि तिच्या येण्याच्या आधीच लिहिला जातो, एवढाच फरक.

आता प्रश्न असा, की जन्माच्या वेळचा हा लेख म्हातारपणी वाचावयाचा कसा? त्यासाठी दोन्ही टोकांची दप्तरे हवीत, आणि जगात फार थोड्या ठिकाणी ती सापडतात. इंग्लंडातील हर्टफर्डशर परगण्यात एथेल मार्गारेट बर्नसाइड नावाच्या बाईंनी १९११ पासून दाया आणि परिचारिका यांची शिस्तबद्ध पलटणच उभारली होती. दाई प्रत्येक मुलाचे जन्मवजन करी, परिचारिका वर्षभर त्या घरी फेऱ्या घाली, आणि मूल वर्षाचे झाले की त्याचे पुन्हा वजन होऊन, ते अंगावर पीत होते की बाटलीवर, दात किती आले, हे सारे जाड चोपड्यांत उतरविले जाई. पाऊणशे वर्षांनी, १९८० नंतरच्या दशकात, साउदम्प्टनचे डेव्हिड बार्कर या चोपड्यांपर्यंत पोहोचले. बार्कर आणि क्लाइव्ह ऑस्मंड यांनी त्याआधीच १९८६ मध्ये दाखविले होते की इंग्लंडच्या ज्या भागांत १९२१ ते १९२५ या काळात अर्भके अधिक मरत, तेथेच अर्धशतकानंतर हृदयविकाराने माणसेही अधिक मरत होती. श्रीमंतीचा म्हणून मानला गेलेला रोग गरिबीच्या वस्तीत मुक्कामाला होता. चोपड्यांतून १९११ ते १९३० या काळात जन्मलेल्या ५,६५४ पुरुषांचा माग काढला, तेव्हा जे एका वर्षाच्या वयाला सर्वांत हलके भरले होते, त्यांच्यात हृदयविकाराचे मृत्यू सर्वांत जास्त निघाले.

हे सारे गोऱ्यांच्या देशातले, असे म्हणून ते झटकून टाकण्याची सोय राहिली नाही. मैसूरच्या होल्ड्सवर्थ मेमोरियल इस्पितळात १९३४ ते १९५४ पर्यंतच्या बाळंतपणांची दप्तरे कोणी फेकून दिली नव्हती, आणि त्यांच्या आधारे शोधून काढलेल्या ५१७ स्त्रीपुरुषांची तपासणी १९९६ साली प्रसिद्ध झाली. जन्मतः अडीच किलो किंवा त्याहून कमी भरलेल्यांत हृदयाच्या रोहिणीविकाराचे प्रमाण शेकडा ११, तर तीन किलोंच्या वर भरलेल्यांत शेकडा ३. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी तोपर्यंत पुण्याजवळच्या सहा खेड्यांत, मूल पोटात असल्यापासूनच, नोंदी घेण्यास आरंभ केला होता. तेथील मुले सरासरी २.७ किलोंची, साउदम्प्टनची ३.५ किलोंची, आणि गंमत अशी, की ही हडकुळी दिसणारी मराठी बाळे चरबीच्या बाबतीत मात्र मागे नव्हती. स्नायू कमी, मेद जपलेला. पुढे मधुमेह आणि हृदयविकार ज्या वाटेने येतात ती वाट येथूनच निघते, असा याज्ञिकांचा सिद्धांत.

परंतु वजन म्हणजे प्राणवायू नव्हे, आणि येथे सावध राहिले पाहिजे. हलक्या मुलाला अन्न कमी पडले की हवा, हे वजनकाटा सांगत नाही. ते वेगळे करण्यासाठी केंब्रिजच्या दिनो जुसानी यांनी एक साधी युक्ती योजली: कोंबडीचे अंडे. अंड्यातल्या पिलाला आईच्या अन्नाशी कर्तव्य नसते. शिदोरी आत बांधलेलीच असते. सखल प्रदेशातील कोंबड्यांची अंडी बोलिव्हियातील ला पाझ येथे, सुमारे ३,६०० मीटर उंचीवर, विरळ हवेत उबविली तेव्हा पिले खुरटली. तेथेच त्यांना प्राणवायू पुरविला तेव्हा वाढली. शिदोरी तीच असल्याने दोष हवेचा ठरला. कॅलिफोर्नियातील लोमा लिंडा येथील प्रयोगांत, गाभण असताना प्राणवायूच्या टंचाईत ठेवलेल्या उंदरांची पिले मोठी झाल्यावर वरवर धडधाकट दिसत. पण त्यांच्या हृदयाचा रक्तपुरवठा थोडा वेळ तोडला की इतरांच्या मानाने त्यांचे नुकसान मोठे होई. माणसांत, अकाली जन्मलेल्या तरुणांच्या हृदयाच्या भिंती जाड असल्याचे ऑक्सफर्डच्या अभ्यासकांनी २०१३ मध्ये दाखविले. जन्मताना गुदमरलेल्या माणसाला पुढे हृदयविकार होतोच, असे प्रमेय मात्र अजून कोणी सिद्ध केलेले नाही. पुरावा प्राण्यांत भक्कम आहे, माणसांत विरळ; आणि विरळ असण्याचे एक कारण हेच, की जेथे मुले सर्वाधिक गुदमरत होती, तेथे चोपड्या नव्हत्या.

जव्हारच्या भागात सरकारचे लक्ष मुलांच्या मोजदादीकडे वळले ते अपकीर्तीमुळे. १९९२ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे शंभराहून अधिक मुले कुपोषणाने दगावली, वर्तमानपत्रांत गहजब झाला, मंत्र्यांच्या मोटारी प्रथमच त्या खडीच्या रस्त्यांवर धावल्या. पुढे १९९५ मध्ये आदिवासी भागांसाठी नवसंजीवनी योजना आली. तेव्हापासून जव्हार-मोखाड्याचे नाव निघाले की कुपोषण हा शब्द आपोआप जोडला जातो, आणि ते खोटे नाही. पण त्याने एक अन्याय झाला. भुकेने मेलेल्या मुलाला निदान बातमीत जागा मिळाली. जन्मतःच न रडलेल्या मुलाला तीही नाही. त्याला ‘उपजत मेले’ असे म्हणून त्याच दिवशी मातीआड केले जाई, आणि ते खरोखर उपजत मेले होते की चार मिनिटे जिवंत होते, हे विचारण्यास कोतवालही येत नसे. महाराष्ट्रातील बालमृत्यू कागदावर दिसतात त्याहून पुष्कळ अधिक आहेत, हे ‘कोवळी पानगळ’ या अहवालाने पुढे आणले, तेव्हा सरकारी दप्तर किती डोळस आहे याचा हिशेब एकदाचा लागला.

तो अहवाल पुढे आणणाऱ्यांत डॉ. अभय बंग होते, आणि न रडलेल्या मुलाची वही महाराष्ट्रात प्रथम नीट लिहिली गेली ती त्यांच्या व डॉ. राणी बंग यांच्या गडचिरोलीत. १९८६ साली त्यांनी ‘सर्च’ ही संस्था स्थापिली आणि १९९५ पासून ३९ गावांत आरोग्यदूत नावाने गावच्याच थोड्याफार शिकलेल्या बायका नेमल्या. सुइणीला त्यांनी हाकलले नाही. ती बाळंतपण करी आणि आरोग्यदूत तिच्या शेजारी, मुलाच्या स्वागतास सज्ज बसे. मूल रडले नाही तर प्रथम तोंडाने, पुढे नळी-मुखवट्याने आणि अखेर हाताने दाबावयाच्या पिशवीने ती त्याच्या फुप्फुसांत हवा भरी. डॉक्टरांच्या हातातले हत्यार सातवी-आठवी शिकलेल्या बाईच्या हाती देणे तेव्हा कित्येकांना धाडस वाटले. परिणाम आकड्यांत असा: सौम्य गुदमर शेकडा १४ वरून ६ वर आली, तीव्र गुदमरीचे प्रमाण मात्र फारसे हलले नाही, पण तीव्र गुदमरलेल्यांपैकी पूर्वी शेकडा ३९ मरत ते आता २० मरू लागले. या दुसऱ्या आकड्याकडे मी थोडे निरखून पाहतो. म्हणजे तीव्र गुदमरूनही जगणारी मुले वाढली. ती आज पंचविशी ओलांडून गेली असतील, आणि आपल्या हृदयात काय घेऊन चालली आहेत हे विचारण्याचा अधिकार प्रथमच कोणाला तरी आहे, कारण त्यांची वही आहे.

मोठ्या इस्पितळांतील विद्या या बाबतीत नेहमीच तारक ठरते असेही नाही. गुदमरलेल्या अर्भकाचे शरीर ७२ तास ३३.५ अंशांवर थंड ठेवले की मेंदू बचावतो, हे पाश्चात्त्य देशांत सिद्ध होऊन तेथे प्रघात पडला. भारत, श्रीलंका आणि बांगलादेश येथील सात केंद्रांत ४०८ अर्भकांवर तोच उपाय पारखला, तेव्हा २०२१ मध्ये निष्पन्न झाले की मेंदूची हानी टळली नाहीच, उलट थंड केलेल्या गटात मृत्यू अधिक झाले. आपल्याकडची गुदमर बहुधा प्रसूतीच्या शेवटच्या घटकेची नसून त्याच्या कितीतरी आधी, गर्भातच, हळूहळू सुरू झालेली असते, असा त्याचा एक उलगडा तज्ज्ञ देतात. निखाऱ्यावर वार शेकणाऱ्या सुइणीला हे सांगता आले असते तर तिला काय वाटले असते, असा एक खट्याळ विचार मनात येऊन जातो.

आज पोशेऱ्याच्या पाड्यांवर बाळंतपणे पूर्वीसारखी घरी होत नाहीत. आशाताई नाव नोंदविते, गरोदर बाईला अंगणवाडीत अमृत आहाराचे एक वेळचे जेवण मिळते, अवघडलेल्या बाईला मोखाड्याच्या ग्रामीण रुग्णालयात, तेथून जव्हारच्या कुटीर रुग्णालयात किंवा घाट चढून त्र्यंबकमार्गे नाशकास नेतात. पण ऑगस्ट २०२२ मध्ये याच तालुक्यातील मर्कटवाडीच्या एका बाईची अकाली जन्मलेली जुळी मुले घरीच दगावली आणि रक्तस्राव होत असलेल्या त्या आईला डोलीत घालून सुमारे तीन किलोमीटर चालत रस्त्यापर्यंत आणावे लागले. त्या भर पावसात डोली वाहणाऱ्यांचे पाय ज्या चिखलात रुतले, तो चिखलही प्राणवायूच्या टंचाईचेच एक कारण होय, मग शास्त्रीय ग्रंथांत त्याला काही नाव नसो.

दप्तर मात्र बदलले आहे. घरी झालेल्या बाळंतपणासाठी आशाताईला जो नमुना भरावयाचा असतो, त्यात जन्मल्यावर तीस सेकंदांनी आणि पाच मिनिटांनी मुलाचे रडणे, श्वास आणि हातपाय हलविणे यांची अवस्था लिहावयाची असते: नाही, मंद, की जोरदार. गाव नमुना चौदामध्ये जो रकाना कधीच नव्हता तो हा. दुसऱ्या टोकाला, तिशी उलटलेल्या प्रत्येकाचा रक्तदाब तपासण्याचा कार्यक्रम सुरू आहे, आणि त्यासाठी तीच आशाताई पाड्यावर आणखी एक कागद घेऊन फिरते. त्यात वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, आईबापांचे आजार हे सारे विचारले आहे. वावर-वांगणीच्या वर्षी जन्मून जगलेली मुले आता या कागदाच्या वयात आली आहेत. जन्मताना किती भरलात, रडलात का, हे त्यात विचारलेले नाही. विचारले असते तरी त्यांना ते कोठून ठाऊक असणार?

त्यांच्या मुलांना ते ठाऊक असू शकेल. माता व बाल संरक्षण कार्ड म्हणून जे घडीचे कार्ड बाईला मिळते, त्यावर मुलाचे जन्मवजन निळ्या शाईत लिहिलेले असते. घरात लोखंडी कपाट नसते, तेव्हा ते कार्ड रेशनकार्ड आणि आधारकार्ड यांच्यासह प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून, वाळवी आणि गळती यांपासून दूर, चुलीच्या धुराने काळ्या पडलेल्या वाशाला टांगून ठेवतात. दिवाळी होऊन भाताची झोडणी आटोपली की ती पिशवी काढली जाते, आणि भांडी, गोधड्या, तान्हे मूल यांच्याबरोबर ट्रकमध्ये चढून भिवंडीकडच्या वीटभट्टीवर मुक्कामाला जाते.